लेबल

दुसऱ्या पाळीत माझं काम एवढंच,
टॉवेलच्या कोपऱ्यात गावाचं नाव टाचायचं.
बोटभर पट्टी, दोन्हीकडं चार चार टाके,
दोरा तोडायचा, पुढचा घ्यायचा.
दिवसाला नऊशे वेळा हे गाव
माझ्या अंगठ्याखालून जातं.

बाहेरदेशीच्या मालाला जुनं इंग्रजी नाव,
एसच्या मागं एच उभा असलेलं.
स्टेशनच्या पाटीवरून तो एच कधीच उतरला,
पण शेठ म्हणतात, गिऱ्हाईक त्याच नावानं ओळखतं,
बदललं तर म्हणेल, माल दुसऱ्या गावचा.
इथल्या मालाला सोलापूर,
स स्वच्छ, पू दीर्घ,
शाळेतल्या बाई फळ्यावर काढायच्या तसं.
त्या सांगायच्या, सोळा गावं मिळून हे एक झालं.
मी एकदा पेठा मोजायला बसले,
साखर, भवानी, जोडभावी...
तेरावर अडले आणि भात लागला.

शेजारच्या मशीनवर गुरुबसव्वा.
तिच्या तोंडात ते सोल्लापुर होतं,
मधला ल असा दाबते
की भाकरीवर बोटं उमटावीत.
संक्रांतीला गड्ड्याच्या गर्दीत
उंच नंदीध्वज डोलत आले
की मात्र म्हणते, सोन्नलगी.
हळूच म्हणते,
लग्नात बदललेलं माहेरचं नाव
कुणीतरी अचानक विचारल्यासारखं.
रंगखात्यातली मेहरुन्निसा हसते,
शोला म्हणजे निखारा गं,
बारा वाजता बाहेर जाऊन बघ,
कुठली सोळा गावं घेऊन बसलीस!

दिवाळीच्या तोंडावर एक पेटी परत आली.
वरच्या थरात एक नाव, खालच्या थरात दुसरं.
चिप्पा सुपरवायझर टेबलावर टॉवेल आपटत म्हणाले,
दोन गावांचा माल एका पेटीत कसा?
मी म्हटलं, गाव एकच आहे.
ते म्हणाले, मला माहीत आहे,
गिऱ्हाइकाला माहीत नाही. उसव.

मग चारशे टॉवेल उसवले.
ब्लेडच्या टोकानं एकेक टाका.
नाव निघायचं सहज,
भोकं मात्र राहायची, आठ आठ,
उजेडात धरलं की दिसणारी.
दुसरं नाव त्यांच्यावरच टाचायचं,
पण सुई जुन्या भोकात कधी बरोबर बसली नाही.
गुरुबसव्वा मदतीला आली, तिनंही ब्लेड घेतलं.
तिच्या नावाची पट्टी कुठल्याच डब्यात नव्हती,
ते ती बोलली नाही. मीही नाही.

रात्री रस्त्यावर विजापूरची बस थांबली होती,
कपाळावर गोल गोल कन्नड अक्षरं.
दारात लोंबकळत कंडक्टर ओरडत होता,
सोल्लापुर, सोल्लापुर!
आम्ही सगळे त्यातच उभे होतो
तरी दोघंतिघं दचकून उतरले.

घरी आई सुपात पानं कातरत होती.
उसवलेल्या पट्ट्या मी तिच्यापुढं ओतल्या,
म्हटलं, यातलं आपलं कुठलं?
तिला वाचता येत नाही.
पंजोबा करीमनगरकडून चालत आले,
ते गाव तिनं कधी पाहिलं नाही,
पण ऊरु म्हणते ते त्यालाच.
आणि हे?
एकसष्ट वर्षं जिथं विड्या वळल्या,
जिथं अप्पांना जाळलं,
जिथल्या नळाला एक दिवसाआड पाणी येतं,
त्याला ती काय म्हणते, ते आठवेना मला.
विचारलं, तर कात्री न थांबवता म्हणाली,
ईड.
म्हणजे इथं.

पट्ट्या गोळा करून तिनं
विड्या बांधायच्या दोऱ्याच्या डब्यात टाकल्या.
काहीतरी बांधायला होतील, म्हणाली.